अर्ध्या तासाचं बिरडं

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, सकाळी पावणेदहाला, साठीकडे झुकलेल्या एका गृहस्थांनी मला अंगावरच्या कपड्यांसकट शॉवरखाली उभं केलं आणि चेन ओढली.

मी ओरडलेसुद्धा नाही. ओरडण्यासाठी काय चाललंय ते आधी कळावं लागतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीतली रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणारी ती मध्यम आकाराची कंपनी. मी तिथे स्टोअर्स सांभाळायला रुजू झाले होते. नवा अबोली ड्रेस, कडक इस्त्री, हातात कागदपत्रांची फाईल. गेटवर या गृहस्थांनी विचारलं, "नवीन का? ये माझ्याबरोबर." मला वाटलं, ओळखपत्राचं काही असेल. ते मला प्लँटच्या भिंतीशी, एका हिरव्या पाटीखाली घेऊन गेले. "फाईल दे. पर्स दे. घड्याळ काढ, अंगठी काढ. मोबाईल?" मी एकेक वस्तू देत गेले, कारण बँकेत फॉर्म मागतात तितक्या सहज ते मागत होते. आणि मग डोक्यावर पाण्याचा अख्खा बंब कोसळला.

मी बाहेर पडायला गेले, तर त्यांनी झाडूचा दांडा आडवा धरला.

"किती वेळ झाला असेल?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं तरी झाली! अहो, सोडा मला!"

त्यांनी काखेतलं घड्याळ माझ्यासमोर धरलं. मनगटी नव्हे, भिंतीवरचं, पांढरं, गोल. "सव्वा मिनिट," ते म्हणाले. "अंगावर ॲसिड उडून आग होत असताना ते अर्धा तास वाटतं. म्हणून माणसं बाहेर येतात आणि हात घालवून बसतात. आज दहा मिनिटं थांब. खरं तीस असतं."

दहा मिनिटांनी त्यांनी मला टॉवेल दिला आणि आपल्या लोखंडी कपाटातून स्वच्छ धुतलेला, फुलाफुलांचा एक गाऊन. कपाटात असे सहा होते. या गाऊनांवरून कंपनीत काय काय बोललं जायचं ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मी गाऊन घालून, केस निथळत, मॅनेजरसमोर बसून रुजू झाल्याची सही केली. मॅनेजर मान खाली घालून म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांना होतं हे. मलाही झालंय."

संध्याकाळी घरी येऊन मी नेहमीप्रमाणे यादी केली. पहिला मुद्दा होता, नोकरी सोडणे. तो मुद्दा एकेक दिवस पुढे ढकलत मी तिथे तेरा वर्षं काढली.

त्यांना तोंडावर सगळे काका म्हणायचे आणि पाठीमागे अंघोळवाले. मूळचे रत्नागिरीकडचे, टिटवाळ्याला एकटे राहायचे. आधी प्लँटवर ऑपरेटर होते, मग कंपनीने त्यांना सेफ्टीचं काम दिलं आणि बहुधा पुढे दिल्याचं विसरून गेली. गळ्यात शिंप्यासारखी दोरीला बांधलेली मोठी कात्री, काखेत घड्याळ. कात्री कपडे कापायला. "बटणं काढत बसायला वेळ नसतो," ते म्हणायचे, "आणि ड्रेस डोक्यावरून काढला तर ॲसिड तोंडाला लागतं. उभा कापायचा."

रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधी ते कंपनीतल्या चारही शॉवरच्या चेन स्वतः ओढायचे. ओढायचे, पाणी ओंजळीत घ्यायचे, वास घ्यायचे, रजिस्टरमध्ये सही करायचे. टाकीला किंवा पाइपला कुणाचा हात लागला की त्यानंतर पुन्हा ओढायचे. हा त्यांचा स्वतःचा नियम होता आणि तो कधी मोडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

अंगठ्यांवर त्यांचा विशेष राग. पॅकिंगमधल्या बायकांच्या बोटांवर रोज नजर टाकायचे. "अंगठीखाली गेलेलं ॲसिड भाडेकरू असतं," म्हणायचे. "नोटीस दिल्याशिवाय निघत नाही. काढ."

भाजलं की लावायला म्हणून बाथरूममध्ये कुणी टूथपेस्ट ठेवली की ती गायब व्हायची. एकदा बाहेरून तपासणीला आलेल्या माणसासमोर त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतलं पिवळं मलम उचलून सरळ कचऱ्यात टाकलं. तो माणूस हादरलाच. "अहो, हे यादीत आहे!"

"यादीत असेल," काका म्हणाले. "पण पेटीत दिसलं की माणूस आधी तेच लावतो. ॲसिड आत, वर मलमाचं झाकण. पाणी लागणार कुठे?"

ती यादी माझी होती. मला राग आला.

त्याच यादीत मी स्वतःच्या डोक्याने पाच किलो खाण्याचा सोडा घातला होता. आम्लावर अल्क, की झालं उदासीन; दहावीत रसायनशास्त्रात मला चांगले गुण होते. काकांनी ती पिशवी पाहिली आणि मला लॅबमध्ये बोलावलं. हातमोजे घालून त्यांनी बीकरमधल्या ॲसिडमध्ये थोडा सोडा टाकला. फसफसून फेस वर आला, थेंब काचेबाहेर उडाले. मग दुसऱ्या बीकरमधल्या ॲसिडमध्ये सोड्याऐवजी कॉस्टिकचं, म्हणजे तीव्र अल्काचं, पाणी हळूहळू सोडलं आणि म्हणाले, "बाहेरून हात लाव."

मी लावला आणि झटक्यात मागे घेतला. चहाच्या पातेल्यासारखं तापलं होतं.

"हे कुणाच्या गालावर झालं असतं तर? शाळेत शिकवतात ते बीकरसाठी. बीकरला कातडं नसतं."

मला हरायचं नव्हतं. "पण काका, ॲसिडमध्ये पाणी घालू नये हेही शाळेतच शिकवतात. मग तुम्ही पाणी कसं ओतता?"

ते पहिल्यांदाच खूश झालेले दिसले. "चांगलं विचारलंस. बाटलीतल्या ॲसिडमध्ये नाही घालायचं. अंगावरच्यावर घालायचंच, पण भरपूर. दोन तांबे घातलेस तर तापेल. दोनशे तांबे घातलेस तर वाहून जाईल. कंजुषी केलीस की मेलीस."

या कंजुषीबद्दल ते पुन्हापुन्हा बोलायचे. आमच्याकडच्या अर्ध्या बायका जवळच्या दिवा गावाहून यायच्या. तिथे पाणी म्हणजे टँकर, रांग आणि भांडण. "तुम्ही दिव्याच्या बायका ना," ते म्हणायचे, "अंगाला आग लागली तरी मगने पाणी घ्याल, अर्धा मग पुन्हा बादलीत ओताल. इथे नाही चालायचं. इथे उधळायचं."

"काका, आमच्या सासूला सांगा ना हे," कुणीतरी म्हणायचं आणि सगळ्या हसायच्या.

सगळ्यांची खात्री होती की या माणसाच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडलंय. कुणी म्हणे भाऊ गेला, कुणी म्हणे बायको. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी धीर करून विचारलं, "काका, तुमच्या घरात कुणाला… असं काही झालं होतं का?"

ते डब्यातून वर बघून म्हणाले, "नाही. का?"

"मग हे सगळं…"

"काही झाल्यावरच करायचं असतं का?"

एखादी दुःखद गोष्ट ऐकायला मिळेल म्हणून मी तयारीने बसले होते आणि गोष्टच नव्हती. त्याचा मला जितका धक्का बसला तितका ती असती तर बसला नसता.

आता त्यांच्या वहीबद्दल सांगते. ही वही आज माझ्याकडे आहे. लांबट, लाल कापडी पाठीची. तिच्यात कंपनीतल्या प्रत्येकाचं नाव, त्यापुढे एक पदार्थ आणि त्यापुढे मिनिटं. 'मटण रस्सा, सव्वीस.' 'उकडीचे मोदक, चौतीस.' 'चहा, दोन. नापास.'

काकांचं म्हणणं असं, की जळणाऱ्या माणसाला पाण्याखाली अर्धा तास उभं ठेवायचं तर त्याला बोलतं ठेवायला हवं. बोलतोय म्हणजे शुद्धीवर आहे, श्वास चालू आहे, आणि पळतही नाही. देवाचं नाव घ्यायला सांगितलं तर रडायला लागतो. आकडे मोजायला सांगितले तर शंभरला थांबतो. पण स्वतःच्या हातचा पदार्थ सांगायला लावला की सांगत राहतो. म्हणून ते नव्या माणसाला आठवडाभरात गाठायचे. "तुझा हातखंडा पदार्थ कुठला? सांग. अगदी डाळ धुण्यापासून सांग." समोर घड्याळ. स्वतः त्यांना मऊ भाताखेरीज काही करता येत नसे.

"साबुदाण्याची खिचडी," मी सांगितलं होतं.

सांगून झाल्यावर त्यांनी काटा पाहिला. "चार मिनिटं. दुसरं सांग."

"काका, मी नोकरी करते. आमच्याकडे सगळं पटकन होणारंच करतात."

"मग जळालीस की चार मिनिटांत बाहेर येणार?"

मी दुसरं काही सांगितलं नाही. मला कामं होती. माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'खिचडी, चार. अपुरी.' माझ्या कुठल्याही कामापुढे आजवर कुणी अपुरं लिहिलं नव्हतं.

सगळ्यात लांब पदार्थ होता सुगंधाचा. सुगंधा पॅकिंगमध्ये होती, दिव्याजवळच्या आगरी गावातली, तिशीची, दणकट आणि तोंडाळ. तिचं वालाचं बिरडं एकेचाळीस मिनिटांचं. काकांनी त्या आकड्याभोवती गोल केला होता.

आमच्या भागात शुक्रवारी पाणी बंद असायचं. अशा दिवसासाठी वरच्या एका टाकीतलं पाणी फक्त या चार शॉवरसाठी राखून ठेवलेलं असे. तिच्यातून कॅन्टीनला एक थेंबही द्यायचा नाही, हा काकांचा कायदा. बाकी मी सगळं यादीने चालवायचे. दर गुरुवारी संध्याकाळी माझी 'उद्या पाणी बंद' ही छापील यादी नोटीस बोर्डवर लागे आणि सगळे तिच्याप्रमाणे वागत. माझ्या यादीत जे लिहिलं ते होतंच, असा माझा लौकिक होता. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

कंपनीच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली बारा निळे ड्रम होते. माझ्या साठ्याच्या यादीत ते 'रिकामे, भंगार' असे नोंदवलेले. दर तिमाहीला मी ते काढून टाकायला निघायचे आणि दर तिमाहीला काका आडवे यायचे. "राहू देत. मला लागतात."

"कशाला लागतात?"

"लागतात."

त्या शुक्रवारी मोठ्या ग्राहकाचे पाच पाहुणे येणार होते. त्यांच्या टॉयलेटला पाणी हवं. मी विचार केला, की शॉवरच्या टाकीत दोन हजार लिटर आहेत. तीन वर्षांत एकदाही खऱ्या कामासाठी शॉवर लागलेला नाही. त्यातलं थोडं घेतलं तर काय बिघडलं? यादीत मी सातवा मुद्दा लिहिला: 'नऊ वाजता जोडवाहिनीचा व्हॉल्व्ह उघडून पाहुण्यांच्या टॉयलेटची टाकी भरणे.'

आठवा मुद्दा होता बिस्किटं आणि चहा.

नऊ वाजता व्हॉल्व्ह उघडला गेला. बंद करायला मी लिहिलं नव्हतं, म्हणून तो कुणी बंद केला नाही. टॉयलेटची छोटी टाकी भरली, ओसंडली, आणि शॉवरचं पाणी दोन तास मागच्या गटारात वाहत राहिलं.

अकराला माझ्या दारात सुगंधा आली. सल्फ्युरिक ॲसिडच्या लाइनचा होज पाइप जोडातून निसटला होता आणि ती नेमकी शेजारून ट्रॉली घेऊन चालली होती. डाव्या हातावर, खांद्यावर, मानेवर. तिच्या ड्रेसची बाही माझ्यासमोर काळी पडून विरत होती. ती जवळच्या शॉवरकडे न जाता माझ्याकडे धावली होती, कारण काही झालं की ताईला सांगायचं ही मीच लावलेली शिस्त होती. हाही माझाच एक मुद्दा.

"ताय गो, जलतंय…"

मी तिचा उजवा हात धरून शॉवरकडे पळाले. तिला उभं केलं आणि चेन ओढली.

तांब्याभर पाणी पडलं. मग पाइपातून खर्र असा आवाज आला आणि हवा.

मी पुन्हा ओढली. पुन्हा खर्र. त्या आवाजात मला सातवा मुद्दा दिसला, छापील, जसाच्या तसा, आणि त्याच्याखाली चहा-बिस्किटं. सुगंधा माझ्याकडे बघत होती. मी कुणाची तरी प्यायच्या पाण्याची बाटली उचलून तिच्या हातावर ओतली. ती किंचाळली. दोन तांबे घातलेस तर तापेल, हे मला कळत होतं आणि माझ्याकडे दोन तांबेसुद्धा नव्हते.

काका गेटवरून धावत आले. गुडघे दुखत असलेला माणूस असा धावू शकतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. पाणी का नाही, असं त्यांनी विचारलंच नाही. नुसतं ओरडले, "शेडमध्ये! ताडपत्री काढा! तिला तिकडे आणा!"

मी ताडपत्री ओढली. काकांनी पहिल्या ड्रमचं झाकण फिरवून काढलं. ड्रम काठोकाठ भरलेला होता, पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसत होता. दुसराही तसाच. बाराच्या बारा.

"आधी हातमोजे घाल," ते माझ्यावर ओरडले. "बादल्या तिथे, मागे. तुम्ही सगळे पुरुष, पाठ करून उभे राहा! बायकांनो, ताडपत्रीचा आडोसा धरा!" पहिली बादली त्यांनी तिच्या मानेवर रिकामी केली, दुसरी माझ्या हातात दिली आणि कात्री चालवली. ड्रेस गळ्यापासून खाली उभा कापला गेला. मग कात्री मंगळसूत्राखाली गेली आणि सुगंधाने उजव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं.

"ता नाय कापायचा! नवरा हाय माजा!"

"नवऱ्याला मी सांगतो," काका म्हणाले आणि दोरा कापला. काळे मणी पाण्याबरोबर फरशीवर पळाले. त्यांच्याखालची कातडी लालभडक झाली होती. "ओत. थांबू नकोस. वरून खाली, अंगाबाहेर जाऊ दे पाणी, चांगल्या बाजूला नको. आपटू नकोस, वाहू दे."

मी ओतत होते. बादली, ड्रम, बादली. काकांनी घड्याळ एका खिळ्याला टांगलं.

"सुगंधा, बिरडं सांग."

"मरतंय मी हितं! मना नाय सांगायचा बिरडा!"

"वाल किती तास भिजवायचे?"

ती त्यांना जे बोलली ते इथे लिहीत नाही.

"चार तास ना?" काका शांतपणे म्हणाले.

"चार तासान काय व्हतंय?" ती रडतरडत ओरडली. "रातभर भिजवाला लागतान!"

"मग निथळून लगेच शिजवायचे."

"शिजवायचं कनचं! फडक्यान बांधून ठेवायचं, मोड यायला पायजेत…"

"मोड आले. सालासकट फोडणीत टाकले."

"साला काढायची! कोमट पाण्यान घालून एकेक सोलायचा! तुमच्या आयशीन काय शिकवलंय तुमाला?"

आडोसा धरलेल्या बायकांपैकी एक रडताना हसली. काकांच्या वहीत नसलेली एक गोष्ट मला तेव्हा समजली. ते मुद्दाम चुकत होते. चुकीचं बिरडं ऐकून गप्प बसणं सुगंधाला शक्य नव्हतं.

कोकम पडलं, गूळ पडला, ओलं खोबरं पडलं. पाचवा ड्रम संपला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा घड्याळात सतरा मिनिटं झाली होती. ड्रायव्हर घाई करायला लागला. "काका, उशीर होतोय. हॉस्पिटलला तरी पोचवू द्या."

"उशीर अकरा वाजता झाला. आता अर्धा तास पुरा होऊ दे. तू गाडी वळवून ठेव." तिसाव्या मिनिटाला त्यांनी कपाटातला गाऊन आणला, जखमांवर स्वच्छ कोरडं कापड सैलसर ठेवलं, मलम नाही, हळद नाही, काही नाही. ॲसिडची माहिती लिहिलेल्या चिठ्ठीची नक्कल डॉक्टरांसाठी बरोबर दिली. पाण्याचे दोन कॅनही गाडीत चढवले.

ती गेल्यावर मी शेडमध्ये ओल्या फरशीवर बसून मणी गोळा करत राहिले. दुसरं काही सुचत नव्हतं.

"व्हॉल्व्ह माझ्या यादीत होता," मी म्हणाले.

"माहीत आहे," काका म्हणाले. "सकाळी वाचली मी यादी."

मी वर पाहिलं.

"सातवा मुद्दा वाचला. टाकीला हात लागणार म्हणजे नंतर मी चेन ओढायला हवी होती. पण तुझी यादी होती. म्हटलं, हिने लिहिलंय म्हणजे नीट झालंच असणार." त्यांनी खिळ्यावरचं घड्याळ काढून काखेत धरलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ओढली नाही."

मला वाटलं होतं ते रागावतील. त्याऐवजी माझ्या लौकिकावर विश्वास टाकल्याबद्दल ते स्वतःवर रागावले होते. रजिस्टरमध्ये त्यांनी दोन कारणं लिहिली, माझं आणि त्यांचं, आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

"आणि ड्रम?" मी विचारलं. "भरलेले आहेत हे मला का नाही सांगितलंत?"

"तू यादीत लिहिलं असतंस. शुक्रवारी भरलेला ड्रम कुठे आहे ते कळल्यावर कुणी सोडतं का? तूसुद्धा सोडला नसतास." दर गुरुवारी मी साडेपाचला घरी गेल्यावर ते एकटे पाइप लावून बाराही ड्रमचं पाणी बदलायचे.

सुगंधाचा हात वाचला. कोपराखाली कातडी बसवावी लागली, मानेवर डाग राहिला, पण बोटं मिटतात. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास पाणी मिळालं नसतं तर स्नायूपर्यंत गेलं असतं. सुरुवातीची ती काही मिनिटं मिळाली असती तर कातडीही बसवावी लागली नसती का, हे मी विचारलं नाही.

मी तिला भेटायला दिव्याला गेले. जिन्यापासून दारापर्यंत पाण्याचे पिंप लावलेले. सासूने मला काठोकाठ भरलेला पेला दिला. सुगंधा पलंगावर हात उशीवर ठेवून बसली होती. तिने विचारलं, "ताय, त्या दिवशी पाणी का नव्हता?"

"शुक्रवार होता ना," मी म्हणाले.

शुक्रवार होताच. म्हणून ते खोटं आणखीच सहज निघालं. हातातलं पाणी मला पिता आलं नाही.

त्यानंतर काका मला दर सोमवारी एकच विचारायचे. चेन ओढून झाल्या की माझ्या टेबलाशी येऊन, "सांगितलंस?"

"अजून नाही."

"जितका उशीर, तितकं आत जातं," म्हणायचे आणि निघून जायचे. स्वतःच्या वाट्याचं त्यांनी तिला हॉस्पिटलमध्येच सांगितलं होतं. माझ्या वाट्याचा एक शब्दही काढला नव्हता. असे सोळा सोमवार गेले.

ती कामावर परतली त्या दिवशी लांब बाह्यांचा ड्रेस घालून आली, डब्यात बिरडं घेऊन. काकांनी ते उभ्याउभ्या खाल्लं. इतकी वर्षं त्यांनी ते फक्त ऐकलं होतं. "एकेचाळीस मिनिटं लागणारच," म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं.

मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. सातवा मुद्दा, आठवा मुद्दा, दिव्यात बोललेलं खोटं. मी मुद्दे मनात क्रमाने लावून गेले होते. ते क्रमाने निघाले नाहीत.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती नोकरी सोडेल, तक्रार करेल, कानाखाली देईल, यातलं काहीही झालं असतं तर मी तयार होते.

"पर्स ठेवा," ती म्हणाली. "घड्याळ काढा. अंगठी."

मी काढलं. ती मला हिरव्या पाटीखाली घेऊन गेली आणि उजव्या हाताने चेन ओढली. पाणी कोसळलं. दारादारांत माणसं जमली. मॅनेजरही येऊन उभे राहिले.

"तुमची खिचडी चार मिनटांची," सुगंधा म्हणाली. "पुरनपोली सांगा. डाल धुण्यापासून."

मी सांगायला लागले. मी डाळ धुतली, भिजवली, शिजवली, निथळली. गूळ घातला. ती मधेच म्हणाली, "कनीक कोरडीच मलायची ना?" आणि मी पाण्याखालून ओरडले, "कोरडी नाही, सैल! तेल घालून! दोन तास झाकून ठेवायची!" पुरण वाटलं, उंडे केले, पोळी लाटली, भाजली, तूप सोडलं. दात वाजत होते. समोर काका घड्याळ धरून उभे होते. काटा तिसावर गेला, एकतिसावर गेला. त्यांनी खिशातून पेन काढलं, लाल वही उघडली, माझ्या नावापुढचं काहीतरी खोडून काहीतरी लिहिलं आणि घड्याळ काखेत मारून ते निघून गेले.

मला वाटलं, झालं. मी बाहेर यायला पाय उचलला.

"कटाची आमटी ऱ्हायली, ताय," सुगंधा म्हणाली. आणि तिने चेन सोडली नाही.